शुक्रवारचं धुणं

आमच्या इमारतीत बिऱ्हाडं दहा आणि कपडे धुण्याचं मशीन एक. ते तळमजल्यावर, माझ्या दारासमोरच्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ धरून आठवड्याचे नंबर चौदा. घरात तीन किंवा जास्त माणसं असतील तर आठवड्यातून दोन नंबर, नाहीतर एक. हा नियम हेडमास्तरांचा. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण वर्ग काही सुटला नाही; आता आम्हीच त्यांचा वर्ग. धुण्याच्या खोलीच्या दारावर त्यांच्या वळणदार अक्षरातला तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यावर खाडाखोड केलेली त्यांना खपत नाही.

आमच्या घरात मी आणि आई. म्हणजे नंबर एक, शनिवारी सकाळचा. आई हिंडती-फिरती होती तोवर तेवढ्यात भागायचं. मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, लघवीवरचा ताबाही गेला. रोजच्या दोन चादरी, कधी तीन, वर गाऊन आणि अंगाखालची फडकी. हे सगळं शनिवारपर्यंत साठवायचं म्हटलं तर घरात श्वास घेववेना, आणि तिला ओल्यात ठेवलं की पाठीची सालं निघायची. म्हणून मी मोरीत बसून हातानं धुवायला लागले.

त्यालाही माझी ना नव्हती. आईचं करायचं नाही तर कुणाचं करायचं? पण मी औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला आहे. तिथे रोज सकाळी लाइनवर जाण्याआधी सुपरवायझरबाईंसमोर दोन्ही हात धरायचे, आधी तळवे, मग पालथे. कातडीला चीर दिसली, पुरळ दिसलं की त्या दिवशी काम नाही. हातमोजे घालूनसुद्धा नाही. धुण्याच्या पावडरीनं माझ्या बोटांना अशा भेगा पडल्या की मूठ मिटली तरी रक्त यायचं. एका महिन्यात चार वेळा मला दारातून परत पाठवलं. चौथ्या वेळी बाई म्हणाल्या की आता पुन्हा झालं तर माझ्या जागी दुसरी कुणी घेतील, त्यांच्या हातात काही नाही. बाई वाईट नाहीत. माझ्या भेगांवरून त्यांनी हलकेच स्वतःचं बोट फिरवून पाहिलं होतं.

तर मला मशीनचा आणखी एक नंबर हवा होता. बाकी काही नको होतं.

दोन नंबरवाली बिऱ्हाडं चार. हेडमास्तरांना विचारायची सोय नव्हती. बसच्या ड्रायव्हरला तीन पोरं, भट्टीवाल्याचे कपडे पिठानं कडक झालेले. उरले तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी. घड्याळजी काका, काकू आणि त्यांचा मुलगा, ज्याला सगळी इमारत लंबू म्हणायची. आमच्या जिन्याच्या दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा तो एकटाच. त्यांचे नंबर सोमवार संध्याकाळ आणि शुक्रवार संध्याकाळ.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आणि काकू तर भल्या बाई. मी वर गेले. काकूंनी चहा केला, आईची चौकशी केली, माझे हात हातात घेऊन च्‌ च्‌ केलं. मी म्हटलं, निदान एक आड एक शुक्रवार द्या. त्यावर त्या म्हणाल्या, "कसं देऊ गं? आमचंही तीन माणसांचं धुणं. लंबूचे कपडे तू बघायला हवेस. कॉलरी घासून घासून माझेच हात दुखतात."

लंबू कारखान्यात रात्रपाळीला आहे, कधी येतो कधी जातो पत्ता लागत नाही, असं त्या सांगत राहिल्या. काका खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी चहा संपवला आणि खाली येऊन चादरी भिजत घातल्या.

पण डोक्यातून ते जाईना. मी रोज सकाळी साडेसहाला बाहेर पडते. रात्रपाळीची माणसं तेव्हाच घरी येतात. वरच्या नर्सबाई मला रोज जिन्यात भेटतात. लंबू मात्र कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. नंतरच्या शनिवारी मी मशीन लावण्याआधी जाळी काढली. काकूंच्या सोमवारनंतर त्या जाळीत बोटभर गाळ असतो, धागे असतात, कुणाचे केस असतात. त्यांच्याच शुक्रवारनंतरची ती जाळी घासून ठेवलेल्या ताटासारखी स्वच्छ होती. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. दोरीवर तेच दोन शर्ट, एक निळा, एक चौकड्यांचा, एक पँट, एक बनियन, मोज्यांचा जोड. दर शुक्रवारी तेवढंच.

मी काही दुसऱ्याचं वाकून पाहणाऱ्यातली नाही. पण गरजवंताला अक्कल नसते, आणि लाजही नसते. एका शुक्रवारी काकू बादली मशीनपाशी ठेवून चिमटे आणायला वर गेल्या. मी खोलीत शिरले आणि बादलीतला निळा शर्ट उचलला. त्याला घामाचा वास नव्हता. कॉलर कोरी होती. बाहीवर इस्त्रीची धार तशीच होती, आदल्या आठवड्यात केलेली, कुणी हात न घातलेली. काकू इस्त्रीचे कपडे धुवायला टाकत होत्या.

शर्ट होता तसा ठेवून मी बाहेर आले. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. माझ्या फुटलेल्या हातांना हातात धरून ही बाई मला घासलेल्या कॉलरींच्या गोष्टी सांगत होती, आणि इथे आठवड्यातून एकदा मशीन नुसतं पाणी फिरवत होतं. काकूंना एकटीला गाठून बोलता आलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी पुन्हा चहा केला असता, आणि मी पुन्हा रिकाम्या हातानं खाली आले असते.

रविवारी सकाळी हेडमास्तरांच्या पुढच्या खोलीत इमारतीची बैठक होती. गळक्या टाकीचं झालं, जिन्यातल्या दिव्याचं झालं. मग मी उभी राहिले. म्हटलं, तक्त्यात एक नंबर चुकीचा आहे. हेडमास्तरांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या बेरजेत चूक काढली. मी सांगत गेले. साडेसहाचं सांगितलं, जाळीचं सांगितलं, इस्त्रीच्या धारेचंसुद्धा सांगितलं. लंबूला गेल्या सहा महिन्यांत कुणी पाहिलं असेल तर हात वर करा, असंही म्हटलं. हात कुणी वर केला नाही. काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, आणि माझ्याकडे बघून मंद हसत होत्या, एखादं लहान मूल भलतंच काही बोलत असावं तसं.

हेडमास्तरांनी चष्मा लावला, वही उघडली आणि विचारलं की तिसऱ्या मजल्यावर सध्या माणसं किती.

"तीन," काकू म्हणाल्या.

हेडमास्तरांनी तीन लिहिलं नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका बराच वेळ आपल्या नखांकडे बघत बसले. मग म्हणाले, "दोन. आम्ही दोघंच आहोत."

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, हेडमास्तरांकडेही नाही. त्यांचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं, कुणीतरी काढून घ्यायचं विसरल्यासारखं ते चेहऱ्यावर तसंच होतं. मग त्या उठल्या आणि जिना चढून गेल्या. भट्टीवाल्यानं टाकीचा विषय परत काढला.

सोमवारी दारावर नवा तक्ता लागला. शुक्रवार संध्याकाळसमोर माझ्या घराचा नंबर होता, सुबक अक्षरात.

मी तो घेतला. परत केला असता असं म्हणणं सोपं आहे, पण मी घेतला. आठवड्यातून दोनदा मशीन मिळालं, मोरीतलं धुणं निम्म्यावर आलं आणि तीन आठवड्यांत माझी बोटं भरून आली. सुपरवायझरबाईंनी हात उलटसुलट पाहिले आणि मानेनंच आत जा म्हटलं. आईच्या पाठीवरची एक जखम सुकली. दुसरी नाही सुकली. बाजारातली फडकी खरखरीत असतात, आणि तिच्या कातडीत आता काही राम उरलेला नाही.

काकू खाली येईनाशा झाल्या. सोमवारी काका यायचे, अर्धी बादली घेऊन. पहिल्या सोमवारी त्यांनी माझं दार वाजवलं आणि मशीनचं कुठलं बटण आधी दाबायचं ते विचारलं. आयुष्यभर नखाएवढ्या चाकांशी खेळलेला माणूस त्या चार बटणांपुढे गोंधळून उभा होता. मी लावून दिलं. ते तिथेच स्टुलावर बसले आणि मी काही विचारायच्या आत स्वतःच सांगायला लागले.

लंबू वर्षभरापूर्वी गेला. भांडण झालं होतं, कशावरून ते आता त्यांनाही नीट आठवत नव्हतं. "जा, असं मीच म्हणालो होतो," काका म्हणाले. "तो एवढा आज्ञाधारक कधीच नव्हता." त्यानंतर ना फोन, ना निरोप. एक-दोघांकडे चौकशी केली, पुढे तीही थांबवली. काकूंनी मात्र ठरवलं की तो रात्रपाळीला आहे. शनिवारी त्याच्या कपड्यांना इस्त्री करायची, कपाटात लावायचे, शुक्रवारी काढून धुवायचे. काका कधीच काही बोलले नाहीत. त्या म्हणायच्या, आज उशीर झाला वाटतं त्याला, तर हेही हूं म्हणायचे.

"तिच्यासमोर पहिल्यांदाच बोललो मी ते. तेही सगळ्यांच्या देखत."

मी विचारलं की आता काकू त्यांच्याशी बोलत नाहीत का. ते म्हणाले, बोलते की. जेवायला वाढू का विचारते, गॅस संपलाय सांगते. त्याच्याबद्दल तेवढं बोलत नाही. मी म्हटलं, शुक्रवार परत घ्या काका, नाहीतर एक आड एक घ्या, मी हेडमास्तरांशी बोलते. मशीन पाणी सोडायला लागलं होतं, त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "आता काय करायचाय?"

ही झाली दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. परवा शुक्रवारी संध्याकाळी मी मशीन लावून घरात आले आणि दार वाजलं. काकू होत्या. किती दिवसांनी जिना उतरल्या होत्या कोण जाणे, दाराच्या चौकटीला धरून दम खात होत्या. काखेत एक गाठोडं. आत या म्हटलं तर आल्या, सरळ आईच्या खाटेपाशी गेल्या, तिच्या कपाळावर हात ठेवला. आईनं डाव्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग काकूंनी खाटेच्या पायथ्याशी गाठोडं सोडलं.

चौकोनी फडकी होती. निळी, आणि चौकड्यांची. प्रत्येकाला चारी बाजूंनी दुमडून बारीक शिलाई घातलेली, दोरा रंगाला रंग जुळवून. त्यांच्या घरात शिलाई मशीन नाही. म्हणजे सगळी हातानं.

"आईंच्या अंगाखाली घालायला," काकू म्हणाल्या. "विकतची टोचतात गं म्हाताऱ्या माणसाला. ही धुऊन धुऊन मऊ झालीत. कॉलरी आणि मनगटपट्ट्या तेवढ्या काढून टाकल्या, त्या कडक असतात. त्याची उंची चांगली, म्हणून पुष्कळ निघाली."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्यांना दाराबाहेर घालवावंसंही वाटलं. गाठोडं परत बांधायला मी हात पुढे केला. म्हटलं, "काकू, उद्या तो आला तर?"

त्यांनी माझा हात बाजूला केला. आवाज चढवला नाही.

"तू रोज साडेसहाला बाहेर पडतेस," त्या म्हणाल्या. "दिसला तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी एवढं एक खोटं मी त्यांना देणं लागत होते. पण भर बैठकीत हात वर करायला सांगणारी मीच होते, आता कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी मान हलवली. नाही.

"मग झालं तर," काकू म्हणाल्या. दोन फडकी उचलून त्यांनी स्वतः आईच्या अंगाखाली सरकवली, सुरकुत्या हातानं साफ केल्या, आणि कठड्याला धरत वर निघून गेल्या. मी त्यांना वरपर्यंत सोडायला गेले नाही. मला त्यांच्या मागे जिना चढणं शक्य नव्हतं.

आई त्या रात्री कण्हली नाही. कितीतरी दिवसांनी ती सलग झोपली, आणि मी तिच्या शेजारी बसून तिचा हेवा करत होते. मला माझी किळस येत होती आणि फडकी खरंच चांगली होती, दोन्ही एकाच वेळी. सकाळी निळं फडकं पार भिजलं होतं, आणि वासही येत होता. माझा नंबर होताच. मी ते उचललं, मशीनमध्ये टाकलं आणि पावडर जरा जास्तच घातली.