पाच किलोवरचा काळा रंग

नवाबभाई काटेवाला रागीट होता, तोंडाचा फटकळ होता, पण लबाड नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला चोर म्हणाल. चोराला लाज वाटत नसते हो! नवाबभाईला अशी लाज वाटली की चार दिवस घास गिळवला नाही.

गडचिरोलीपासून आत, जंगलातल्या सात-आठ आठवडी बाजारांतले तराजू आणि वजनं दुरुस्त करायची, हा त्याचा धंदा. एवढ्या आत तपासायला कोणी साहेब फिरकत नसे, त्यामुळे नवाबभाईचा शब्द म्हणजे कायदा. त्याच्याकडे एक पाच किलोचं लोखंडी वजन होतं, शेर-मण जाऊन किलो आला तेव्हा बापानं घेतलेलं. व्यापाऱ्याचं वजन त्याच्याशी ताडून पाहायचं आणि हलकं भरलं तर त्याच्या बुडातल्या भोकात शिसं ओतायचं. इकडची ओल लोखंड खाऊन टाकते, म्हणून दर मृगाआधी तो त्या वजनाला काळा रंग द्यायचा, स्वतःच्या हातानं, नमाजाइतक्या नेमानं. जुना रंग मात्र कधी खरडला नाही. खरडलं तर लोखंड उघडं पडते, असं बाप सांगून गेला होता.

अठ्ठ्याऐंशी साली नवे नियम आले. दुरुस्तीवाल्यानं आपली वजनं वजनमापाच्या ऑफिसात दाखवून पास करून घ्यायची, नाहीतर लायसन बंद. नवाबभाई ऐटीत गडचिरोलीला गेला. साहेबांनी तराजूच्या एका पारड्यात सरकारी पितळी वजन ठेवलं, दुसऱ्यात नवाबभाईचं. नवाबभाईचं पारडं खाली गेलं आणि खालीच बसलं.

"तुमचा काटा बिघडला असन साहेब," तो म्हणाला.

 साहेबांनी चाकूचं टोक वजनाच्या कडेला घातलं, तसे रंगाचे पापुद्रे सुटले, एकाखाली एक, कांद्यासारखे. पंचाहत्तर ग्रॅम जास्त.

"आता दोन रस्ते आहेत," साहेब म्हणाले. "हे इथंच खरडा, बरोबर भरेल, मी मोहर मारतो. नाहीतर नवं पितळी घ्या. महाग आहे, पण त्याला रंग लागत नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाही हे दिसतंय, नवाबभाई. बोभाटा कशाला करता?"

खरडून टाकलं तर कोणाला कळणार होतं? पण नवाबभाईला तेवढ्यात सोनीबाई आठवली आणि त्याचे कान तापले.

सोनीबाई मोहफुलं वेचून बिरजूशेठला विकायची. तीन वर्षांमागं भर बाजारात ती नवाबभाईसमोर आपली लाकडी पायली घेऊन उभी राहिली होती. "भाऊ, मायच्या वेळेपासून या पायलीनं दोन पायल्या मोह म्हणजे पाच किलो. आता वरून मूठभर काऊन टाका लागते? वजन भारी झालं जी."

त्याच्या वजनाला नावं ठेवते! नवाबभाई बाजार ऐकेल असा ओरडला होता, "पायली झिजली तुझी, बाई! लाकूड झिजते, लोखंड वाढत नाई!" सगळे खदखदून हसले होते, बिरजूशेठ तर पोट धरून. सोनीबाई खाली मान घालून निघून गेली होती.

आणि लोखंड वाढलं होतं. त्यानंच वाढवलं होतं, लाडानं, दरसाल. त्या भारी वजनाला जुळवून त्यानं किती वजनांत शिसं ओतलं होतं! विकणाऱ्या प्रत्येक बाईची मूठ मूठ त्यात गेली होती.

त्यानं पितळी वजन घेतलं. जुनं खरडलं नाही. रंगासकट पिशवीत घातलं आणि मंगळवारच्या बाजाराला बिरजूशेठच्या काट्यासमोर दोन्ही वजनं दोन पारड्यांत ठेवली.

बिरजूशेठनं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "चूप राहा ना बाप्पा. उद्यापासून नवं वापरू."

"उद्याचं नाई, कालचं सांगाले आलो," नवाबभाई म्हणाला आणि त्यानं सोनीबाईला हाक मारली.

ती आली. पायली काखेत होती, पण तिच्या काठावर चहूकडून बोटभर रुंद पत्र्याची पट्टी ठोकलेली, काठाच्या जराशी वर येईल अशी. नवाबभाई पट्टीकडे पाहतच राहिला.

"हे काय, बाई?"

"तुम्हीच तर म्हणले झिजली म्हणून. मंग वाढवली जी. गावातल्या बायाही आता हेच माप नेतेत."

हे ऐकून नवाबभाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं पितळी वजन पारड्यात ठेवलं आणि तिला दोन पायल्या ओतायला सांगितल्या. मोहाचं पारडं खाली गेलं. त्यानं वरून थोडं थोडं काढलं, काटा सरळ झाला. काढलेला मोह मूठभर होता. तो त्यानं तिच्या टोपलीत टाकला.

सोनीबाई त्या मुठीकडे बघत राहिली. "दर खेपेले एवढं जात होतं?"

"हो."

"मंग माझी पायली खोटी नव्हती न?"

"नाई, बाई," तो पुटपुटला.

"जोरानं सांगा. त्या दिवशी जोरानंच बोलले होते."

 मग नवाबभाईनं छाती भरून घेतली आणि ओरडला, "सोनीबाईची पायली खरी होती! वजन माझं खोटं होतं! साऱ्या बाजारांतलं माझ्या हातचं वजन भारी आहे, आणा, मी शिसं काढून देतो!" या वेळी कोणी हसलं नाही.

सोनीबाई खाली बसली आणि विळ्याच्या टोकानं पायलीची पट्टी उचकटू लागली. खिळा निघेना. नवाबभाई पक्कड घेऊन पुढं झाला.

"राहू द्या जी," ती मान वर न करता म्हणाली. "इले आता तुमचा हात नोको."