उताराचं तळं

गेल्या उन्हाळ्यात मी शेतात तळं खोदायला घेतलं. शेत धामणगाव बढेच्या वाटेवर, नाल्याला लागून आहे. माझी बायको तानाबाई त्याआधीच्या हिवाळ्यात वारली.

शेजारच्या शेततळ्यात पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे. आमची शेळी तिथे पाणी प्यायला उतरली, घसरली आणि बुडाली. कागदावरून वर चढता येत नाही. तेव्हा तानाबाई म्हणाली होती, "आपण केलं तं उताराचं करू. जनावराले उतरता आलं पायजे अन् चढता बी."

ते तिच्यामागे करत होतो. कागद टाकायचा नाही, एवढं ठरवलं होतं.

मी नाल्याच्या वळणासारखी दोरी टाकली, तिच्या कडेने राख ओढली. यंत्रवाल्याने मधला भाग काढला. उतार मी फावड्याने केला. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी चिकण माती. ती पाणी धरते, तिथेच थांबायचं, हे मला माहीत होतं. पण मी खोदत राहिलो. घरी जाऊन करायचं काय? खाटेवर पडलं तरी झोप येत नसे.

एका संध्याकाळी टिकाव खालच्या मुरमात गेला, त्यात पाणी ठरत नाही. तरी थांबलो नाही. दमल्यावरच थांबलो.

मग विहिरीचं पाणी सोडून पाहिलं. सकाळी नुसता चिखल होता.

शेजारची सोजराबाई म्हशी घेऊन आली, वाकून पाहिलं.

"जानरावभाऊ, तळं करून राह्यले का विहीर?"

"हात थांबला नाही बाई."

"मंग आता बुजवा अर्धं. काळी माती टाका, पाणी मारा. मी आणतो म्हशी. त्याईच्या पायाखाली माती बसते. आमच्या बुढ्यानं असंच केलं होतं."

त्याच दिवशी देवानंदचा फोन आला. मुलगा माझा, जळगाव जामोदला नोकरीला आहे.

"बाबा, आता तरी कागद टाका. रविवारी घेऊन येतो मी."

वाद घालायची ताकद नव्हती. "आण," म्हणालो.

तो कागद घेऊन आला तेव्हा सोजराबाईच्या दोन म्हशी अर्ध्या बुजवलेल्या खड्ड्यात गोल फिरत होत्या. मी मागून हाकत होतो. पोटरीपर्यंत चिखल. एकदा पडलोही.

"बाबा, हे काय लावलं तुम्ही?"

"तू पायतो काय बे?" सोजराबाई त्याच्यावर ओरडली. "बाप पडून राह्यला अन् तू बांधावर साहेबावानी उभा! काढ ते बूट."

"काकू, मले ऑफिसले जायचं हाय उद्या."

"मंग उद्या जाय. आज काढ."

त्याने बूट काढले. माझ्या हातातली काठी घेतली आणि म्हणाला, "मायले कागद नको होता, नाही?"

"नाही."

अंधार पडेपर्यंत म्हशी फिरवल्या त्यानेच. कागदाची गुंडाळी गाडीतून उतरवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो राहिला. आम्ही पाणी सोडलं. खोली आता कमरेएवढीही नव्हती.

मंगळवारी पहाटे तो एकटाच शेतात जाऊन आला. मी खाटेवर होतो.

"बाबा, पाणी आहे. वीतभर उतरलं असेल, पण आहे."

"बरं."

"पाहाले येता?"

"जाईन नंतर," म्हणालो आणि कूस बदलली. त्याने चहा ठेवला तेव्हा मला झोप लागली होती. त्या दिवशी मी शेतात गेलो नाही.