हंगेरीचं पाणी

तानूबाईची एक परीक्षा होती आणि तिच्यात नापास झालेल्याला फेरपरीक्षा नव्हती. कुणाच्याही घरी गेलं, की आधी पाणी विचारतात का, एवढंच ती बघायची. चहा मागनं आला तरी चालेल, नाही आला तरी चालेल. पण उन्हातनं आलेल्या माणसाला पाणी विचारायचं ज्यांना सुचत नाही, त्यांचं घर म्हणजे नुसत्या भिंती, असं तिचं रोखठोक म्हणणं. थोरल्या लेकीला, रूपालीला, आजऱ्याचं स्थळ आलं होतं. काजूचा कारखाना, दारात चारचाकी. त्या लोकांनी बशी भरून काजू पुढं केले, बंगला दाखवला, मेल्यांनी बाथरूमसुद्धा दाखवलं. पाणी काही आलं नाही. तानूबाई उठली. "काजू लई ग्वाड हायत तुमचं, खरं घशात अडाकलं," म्हणाली आणि एस.टी. धरून तडक कोल्हापुरात. रूपाली मग मलकापूरला दिली. तिथली सासू तांब्या घेऊन फाटकापर्यंत आली होती.

जो नियम दुसऱ्याला लावायची, तोच ती स्वतःलाही लावायची. दारात पोस्टमन येवो, गॅसवाला येवो, मत मागायला आलेला पुढारी येवो, "पाणी घ्या" हे पहिलं. आणि रोज संध्याकाळी समोरची चिमणाबाई यायची, तिलाही विचारायची. चिमणाबाई बिद्रीकडच्या पाटलाची लेक. मोठी जीव लावणारी बाई. तानूबाईचा नवरा गणपती गेला तेव्हा हिच्या घरात चूल पेटली नाही, तर दोन्ही वेळचा डबा चिमणाबाईकडनं यायचा. म्हैस व्यायली की पहिला खरवस इकडं. मात्र तानूबाईनं पाणी विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "आत्ताच पिऊन आलो बघ." पायरीवर बसायची, पोटभर बोलायची आणि उठून जायची. वर्षानुवर्षं हेच. तानूबाईनं विचारायचं सोडलं नाही, चिमणाबाई कधी प्याली नाही, आणि दोघींनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

धाकटा प्रसेनजीत हंगेरीत. मिश्कोल्त्स नावाच्या गावात मोटारीचे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनियर. त्याचा फोन आला.

"आई, एक पोरगी हाय. एरिका. दवाखान्यात नर्स हाय. आईबाप न्हाईत, आज्जीनं वाढीवल्या. तू येऊन बघ. तू व्हय म्हणशील तरच लगीन."

"आनि न्हाय म्हटलं तर?"

"तर न्हाय." पोरगं एवढंच बोललं, पण आवाज पार बसला होता.

"मला काय बघायचंय रं? त्यांच्या घरात पाणी विचारलं म्हंजे झालं."

पलीकडं प्रसेनजीत एकदम गप्प झाला. रेंज गेली असेल, असं तिला वाटलं.

चिमणाबाईला हे कळलं तेव्हा तिनं पायरीवरनं विचारलं, "आनि न्हाय विचारलं पाणी तर गं?"

"तर उठून येणार. आजऱ्याला येक न्याय आनि हंगेरीला येक, असलं न्हाय माझ्याकडं."

तानूबाई हंगेरीला गेली. आता देश म्हणाल तर तिला तो आवडला. गावाला लागूनच डोंगर, त्यावर शाहूवाडीकडं असते तशी गच्च झाडी. खाली मैलच्या मैल सूर्यफुलं, आणि राखणीला चिटपाखरू नाही. विजेच्या खांबांवर करकोच्यांची ही मोठाली घरटी, आणि ती पडू नयेत म्हणून खाली मुद्दाम लोखंडी बैठक केलेली. "आमच्यात खांबावर चढतोय त्यो आकडा टाकाय चढतोय," ती प्रसेनजीतला म्हणाली. एके दिवशी त्यानं तिला डोंगराच्या पोटातल्या गुहेत नेलं. आत ऊन ऊन पाणी, आणि म्हातारेकोतारे, बाया-बापड्या त्यात म्हशींसारख्या निवांत बसलेल्या. साडीवर पाण्यात उतरता येत नाही म्हणाले. मग ती काठावर बसली आणि नुसते पाय सोडले. राखणवाली बाई शिट्टी वाजवत आली, तर तानूबाईनं तिला हात जोडले. बाई हसून निघून गेली.

हे सगळं दाखवायला बरोबर असायची झुझाकाकू. प्रसेनजीतची घरमालकीण. एकटी, विधवा, सत्तरीची, पण चालायला लागली की घोडं मागं पडावं. दोघींची भाषा एक नाही, तरी दिवसभर बडबड चालायची. काकूनं पहिल्याच दिवशी पाण्याचा पेला पुढं केला आणि ती पास झाली. मग तिनं आंबट चेरीचं सार वाढलं. गारढोण, गोड, वर साय, आणि तेही जेवणाच्या आधी! "शिकरण करून सारात वतलंय जनू," असं तानूबाई पुटपुटली, पण वाटी चाटूनपुसून खाल्ली.

एरिकाच्या आजीकडं जायच्या दिवशी ऊन मरणाचं होतं. प्रसेनजीतनं गावाचं नाव सांगितलं तसा झुझाकाकूचा चेहरा बदलला. ती त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. मग आत जाऊन पाण्याची मोठी बाटली भरून आणली आणि तानूबाईच्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवली. किती माया ही, असं तानूबाईला वाटलं.

गाव देखणं होतं. मधे चर्च, खिडक्याखिडक्यांत लाल फुलं, कुंपणं रंगवलेली. पण गाडी थांबली नाही. चर्च मागं पडलं, शेवटचं घर मागं पडलं, ओढ्यावरचा पूल गेला आणि डांबर संपलं.

"गाव संपलं की रं," तानूबाई म्हणाली.

"संपलं न्हाय आई. हेबी गावच हाय." त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "एरिकाची माणसं रोमा हायत. लई पिढ्यामागं आपल्याच मुलखातनं हिकडं आल्यात म्हणं. गावातली लोकं यांना हिकडंच ठेवत्यात."

ओढ्याच्या अलीकडं गाव, पलीकडं वस्ती. तानूबाईला आणखी काही सांगायला लागलं नाही. रस्त्याच्या टोकाला निळा हापसा होता आणि बाया कळशांऐवजी प्लॅस्टिकचे कॅन भरत होत्या. सगळ्या वस्तीला तेवढाच.

आजी दारातच उभी होती. मारिश्का नाव. सावळी, सुरकुतलेली, डोक्याला रुमाल. आजऱ्याच्या बाजारात बसली असती तर कुणी वळून बघितलं नसतं. एरिकाची दवाखान्यातली ड्युटी संपून ती बसनं यायची होती. आजीनं दोघांना आत बसवलं. जमीन नुकती पुसलेली, टेबलावर भरतकामाचा कपडा. त्यावर काचेचा जग, काठोकाठ भरलेला, आणि चार पेले लखलखीत करून पालथे घातलेले.

आणि पाणी विचारलं नाही.

आजी बसेना. भिंतीला टेकून उभी. मधेच जगापाशी यायची, एक पेला उचलायची, पदरासारख्या ओच्यानं पुसायची आणि परत पालथा ठेवून भिंतीशी जायची. प्रसेनजीत हवापाण्याचं काहीतरी बोलत होता, आणि कपाळावरचा घाम पुसत होता. तानूबाईचा घसा वाळून कोरडा ठक्क पडला. आधी नवल वाटलं, मग राग आला. ओढ्यापलीकडं ऱ्हातासा म्हणून काय झालं? आमीबी ऱ्हायलो की! पाण्याला काय पैसं पडत्यात? समोर भरून ठेवलंय आणि विचारायला तोंड उघडत नाही ही बया. नियम तो नियम. पण नियम पाळायचा तर पोराचं काय? तिनं त्याच्याकडं बघितलं. तो खाली मान घालून बसला होता.

शेवटी तिला राहवेना. तिनं पिशवीतनं झुझाकाकूची बाटली काढली.

आजीनं ती बाटली बघितली. पुढं आली आणि जग हळूच टेबलाच्या कडेला, नजरेआड, सरकवला.

तो हात बघितला आणि तानूबाई बाटली उघडायची थांबली. असाच हात तिनं बघितला होता. तिच्या आईचा, धोंडुबाईचा. गावकुसाबाहेरच्या त्यांच्या खोपटात एकदा गुरुजी आले होते, पोरीला शाळेत घाला म्हणून सांगायला. माणूस भला होता. आईनं चिंच लावून तांब्या सोन्यासारखा घासला होता, भरून उंबऱ्याजवळ ठेवला होता. आणि पाणी घ्या म्हणाली नव्हती. छोटी तानू म्हणाली, "आये, गुरुजींना पाणी दे की," तर आईनं तिला असा चिमटा काढला, की रक्त साकळलं. गुरुजी गेल्यावर तांब्या कोपऱ्यात सरकवत आई म्हणाली होती, "इचारलं आनि न्हाय म्हणालं तर गं? न इचारल्यालं बरं. न्हाय ऐकाय लागत न्हाय."

माझ्या दारात मी सगळ्यांना विचारीन, हे तानूनं त्या दिवशी ठरवलं होतं. का ठरवलं, ते मात्र एवढ्या वर्षांत विसरून गेली होती. आणि तीच विसरभोळी बाई आज बाटली घेऊन परीक्षा घ्यायला बसली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"प्रसेनजीत, काकूनं बाटली का दिल्ती रं?"

तो घुटमळला. "तिथलं काय पिऊ नका म्हणाली. वाईट न्हाय गं ती, आई. पर सगळीच असं म्हणत्यात. म्हणून आज्जी कुणालाच विचारत न्हाय. एरिका सांगून दमली."

तानूबाईनं बाटली पिशवीत कोंबली. उठली, जग होता तिथं परत आणला, पेला सुलटा केला आणि आजीपुढं धरला. "पाणी द्या की वो, आज्जी. किती येळ झाला, घसा वाळला माझा."

प्रसेनजीतला भाषांतर करायची गरज पडली नाही. आजीनं पाणी ओतलं. तानूबाईनं सवयीनं पेला वर उचलला, वरनं धार तोंडात सोडायला, जन्मभर प्याली तशी. आजीचे डोळे त्या पेल्याबरोबर वर गेले, आणि पेला ओठांपासून लांब राहिला तसे विझले. तानूबाईच्या ते ध्यानात आलं. तिनं पेला खाली आणला, काठाला ओठ लावले आणि घटाघटा प्याली. पाणी गार होतं, थोडी लोखंडाची चव होती. पेला पुढं करून ती म्हणाली, "आनि द्या."

आजी तेव्हा पहिल्यांदा खाली बसली. बसली आणि तोंडाला ओचा लावून रडायला लागली. तानूबाईही रडली. मग काय विचारता, कपाटातनं पाव निघाला, कोबी घातलेल्या शेवया निघाल्या, कॉफी झाली. एरिका आली तेव्हा जग रिकामा होता आणि दोघी म्हाताऱ्या निळ्या हापशावर होत्या. आजी कॅन धरत होती आणि तानूबाई दांडा मारत होती.

परत आल्यावर तानूबाईनं हे सगळं पायरीवर बसलेल्या चिमणाबाईला सांगितलं. करकोचे, गुहा, चेरीचं सार. पण चिमणाबाईला धीर कुठला. "ते ऱ्हाऊ दे गं. पाणी विचारलं का न्हाय?"

"न्हाय विचारलं."

"अगं बाई! मग मोडलं?"

"मोडतंय कशाला? मागून घेतलं. डिसेंबरात लगीन हाय, हितंच. आज्जीबी येणार हाय." आणि मग तिनं उरलेलं सांगितलं. बाटलीचं सांगितलं, आईच्या तांब्याचं सांगितलं. सांगताना टोमणा मारायचं तिच्या मनातही नव्हतं. पण सांगून झालं तशी चिमणाबाई पदर सावरत उठली.

दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"तानू, आज पाणी न्हाय विचारलंस."

खरंच विचारलं नव्हतं. आज तिची जीभ रेटली नव्हती. "आत्ताच पिऊन आली असशील," ती म्हणाली. तोंडातनं गेलं खरं, पण लगेच जीभ चावली.

चिमणाबाई परत पायरीवर बसली. "न्हाय गं," ती म्हणाली. "कधीच पिऊन येत न्हवतो मी. दे."

तानूबाई आत गेली. तिनं पेला घासून काठोकाठ भरला. बाहेर आली तर चिमणाबाई पायरीवर नव्हती. उंबरा ओलांडून आत, कॉटवर बसली होती. तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि ओठ लावून प्याली.

"आनि देऊ?" तानूबाईनं विचारलं.

"दे की. लई वरसांची तहान हाय."