बाराव्या पडद्यावरचा सूर

"ताई, तार बदली का घोडी परत मांडनी पडस. नहीते बठ्ठा दोष तुना कानले लागी," असं वाद्यं दुरुस्त करणाऱ्या धुळ्याच्या तोतारामनानांनी ज्योत्स्नाताईला बजावलं होतं. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी; ती नीट मांडली नाही, तर सगळा दोष वाजवणारीच्या कानावर येतो. ताई हसली. "नाना, गिटार आहे का तान्हं बाळ?"

मित्रांनो, ती गिटार म्हणजे मी. चार जाड तारांची, जुनी बेस गिटार. कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. मला शहाणं केलं ते पाचोऱ्याच्या ताईने. लग्नसराईत आमचा ऑर्केस्ट्रा चाळीसगावपासून यावलपर्यंत फिरायचा. ड्रम वाजवणाऱ्या नवलला ताई राखी बांधायची.

ती बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा नवलने मला नेलं. आणखी जाड तारा चढवल्या, घोडीचे स्क्रू मनाला येईल तसे फिरवले. ताई परतली. नव्या तारा पाहून खूश झाली. नानांचं बोलणं तिच्या ध्यानातही आलं नाही. मोकळी तार अगदी सुरात, पण बाराव्या पडद्यावर, म्हणजे माझ्या दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीशी, बोट ठेवलं की सूर चढा! ती पुन्हा पुन्हा खुंट्या पिळायची. एक कान माझ्याकडे, एक पाळण्याकडे.

यावलच्या एका हळदीत गायक गाता गाता थांबला. "काय ताई, बाळ झालं आणि कान गेला का?" सगळे हसले. नवलही हसला. मी सांगणार कशी? मला वाचा होती ती तिच्याच बोटांत.

मग तिने मला हात लावणंच सोडलं. अंगाई म्हणतानाही मध्येच थांबून नवऱ्याला विचारायची, "बरोबर म्हणतेय ना मी?" शेवटी मला नवलला देऊन टाकलं.

तो मला नानांकडे घेऊन आला. नानांनी बाराव्या पडद्यावरचा सूर तपासला, घोडी जराशी मागे सरकवली, पुन्हा तपासला. एकेक करून चारही तारा जुळल्या.

"पोरीना कान चांगला शे रे! हाई कोनी करं?"

"मीच, नाना. पण ताईला सांगू नका. आता बेसवर माझा मेहुणा असतो."

नानाही गप्प बसले.

आता मी मेहुण्याच्या हातात अगदी सुरात वाजते, आणि त्याचीच मला लाज वाटते. मित्रांनो, वाद्याची निगा राखा, तारा बदलल्या की घोडी तपासा. पण त्याआधी पाचोऱ्याला ज्योत्स्नाताईकडे जाऊन या. बाळाजवळ बसून ती गुणगुणते का, तेवढं बघा. गप्प असेल, तर तिला सांगा, चुकत मी होते.