हरतालिकेच्या दिवसाची साक्ष

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांचं एक गणेश मंडळ होतं. दरवर्षी हरतालिकेच्या दिवशी ते ठाणेदाराला निमंत्रण द्यायला जाई. पहिली आरती त्याच्या हस्ते आणि शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळही त्यालाच, असा प्रघात होता. पोलीस आणि नागरिक यांच्यातल्या सौहार्दावर शासन जी परिपत्रकं काढतं, त्यांचा आशय या मंडळाने परिपत्रकाविनाच आत्मसात केला होता: ठाण्याच्या पुढच्या खोलीत बसावं आणि मागच्या खोलीबद्दल विचारू नये. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हापासून ठाणेदाराचं वजन आणखी वाढलं होतं. मंत्र्यांच्या ताफ्यासाठी चौक रिकामे करणारा माणूस आपल्या गणपतीपुढे ताम्हण धरतो, याचं गल्लीला अप्रूप वाटे.

राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या गणपतीत निमंत्रण घेऊन दोघं गेले. अध्यक्ष नरहरपंत सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. चिटणीस इंदूताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. ठाणेदाराने उठून नमस्कार केला आणि चहा सांगितला.

चहा घेऊन आला तो पंचविशीतला एक तरुण. अनवाणी होता आणि उजवा पाय जपून टाकत होता. त्याने नरहरपंतांपुढे कप ठेवला आणि इंदूताईंकडे वळून मराठीत म्हणाला, "मावशी, चहा."

"नको रे, हरतालिका आहे आज."

"पाणी?"

"पाणीही नाही चालत."

तो ताट सावरण्याच्या निमित्ताने वाकला. "मंग येक काम करजा मावशी. भनपुरीले सांगजा, प्रशिक इथं हाय म्हणून."

"कोणाला सांगू?" असं इंदूताई विचारणार, तोच दारातला हवालदार खाकरला आणि तो तरुण मागे फिरला.

"मराठी दिसतो पोट्टा," नरहरपंत कौतुकाने म्हणाले.

"अरे, अपना ही लड़का है," ठाणेदार हसला. "थोड़ी सेवा कर देता है."

नरहरपंतही हसले. इंदूताईंना वाटलं, ठाण्यात नव्याने कामाला लागलेला कुणी असेल, घरी निरोप द्यायचा असेल. भनपुरी म्हणजे ट्रकांचे अड्डे, गोदामं आणि कारखान्यांमागच्या वस्त्या. तिथे एका नावावर माणूस शोधायचा कसा? दुसऱ्या दिवशी गणपती बसले, आणि निरोप राहून गेला.

त्याच हरतालिकेच्या रात्री बूढ़ापाऱ्यात एका सराफाचं दुकान फुटलं. गौरी-विसर्जनाच्या सुमारास वर्तमानपत्रात आरोपीचं छायाचित्र आलं. प्रशिक मेश्राम, राहणार भनपुरी, ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. आदल्या सकाळी बसस्टँडवर सापळा रचून पकडला. पळताना पडून पायाला इजा. चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे हजर करण्यात आले, हेही बातमीत आवर्जून सांगितलेलं होतं. कायद्याचं पालन इतक्या काटेकोरपणे झालं होतं की अटकेचा दिवसच त्या चोवीस तासांच्या सोयीने ठरवावा लागला.

इंदूताईंनी बातमी दोनदा वाचली आणि तशाच नरहरपंतांकडे गेल्या.

"हा तोच आहे. दुकान फुटलं तेव्हा हा ठाण्यात होता. दुपारी आपल्याला चहा देऊन राहिला होता."

नरहरपंतांनी चष्मा लावला, काढला. "तोच असन कशावरून? आडनाव काय म्हणते?"

"मेश्राम."

"बरं," नरहरपंत म्हणाले. त्या दोन अक्षरांत त्यांचं अर्धं समाजशास्त्र मावलं होतं. "पण वहिनी, तुम्ही काहून यात पडून राहिल्या? रात्री सोडला असन त्याले. मंग केली असन चोरी."

"लंगडत चोरी केली? आणि तुम्ही पाहिलं सोडताना?"

"मी काहीच नाही पाहिलं, तेच तर सांगून राहिलो. शेवटच्या दिवशी साहेबांचा सत्कार हाय. नवी राजधानी हाय, उद्या पोरांचं पासपोर्ट-व्हेरिफिकेशन त्याच ठाण्यात होईन. हव की नाही?"

सत्कार झाला. सराफाच्या चोरीचा छडा लावल्याबद्दल या वेळी शालीला जरीचा काठ होता. औक्षणाचं ताट दुसऱ्या कुणीतरी धरलं, कारण इंदूताई त्या संध्याकाळी भनपुरीला गेल्या होत्या.

घर सापडायला अजिबात वेळ लागला नाही. पानठेल्यावर नाव घेताच लोकांनी बोट दाखवलं. छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं होतं. प्रशिकचे वडील भैय्यालाल भंडाऱ्याहून रेल्वेत आलेले, गँगमन म्हणून निवृत्त. त्यांनी खुर्ची पुढे केली. आई दीपमाला भिंतीशी उभी राहिली.

"त्यानं निरोप दिला होता," इंदूताई म्हणाल्या. "हरतालिकेच्या दिवशी. प्रशिक इथं आहे, असं भनपुरीला सांगा म्हणून."

"आज आणला?" दीपमालाने विचारलं.

इंदूताई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"चार दिस मी मेकाहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात, टेशनावर, सगळीकडं पाह्यत फिरली. ठाण्यातबी गेली. इथं कोणी नाही म्हणे. त्याच दारातून परत आली मी." तिचा आवाज चढला नाही. "तुमाले चहा देल्ला त्यानं?"

"मी घेतला नाही. उपवास होता."

"बाई," भैय्यालाल बायकोला म्हणाले, "आता राहू दे." मग इंदूताईंकडे वळून हळूच विचारलं, "मॅडम, हे तुम्ही जजसाहेबांपुढं बोलसान का?"

"बोलेन."

"बोलसान," दीपमाला म्हणाली. "पण इकडून गेल्यावर तुमच्या घरचे काय म्हणतीन, ते पाहू."

घरचे म्हणायचं ते म्हणाले. ठाणेदार स्वतः येऊन गेला, सोनपापडीचा डबा घेऊन; इंदूताईंची तब्येत, त्यांच्या मुलाची बदली, सगळं आपुलकीने विचारलं. मंडळाने चिटणीस बदलला. जामीन दोनदा नाकारला गेला. पुढची हरतालिका उलटून गेल्यावर बचावाच्या साक्षी निघाल्या, आणि प्रशिकचे वकील यज्ञेश्वर यांनी इंदूताईंना बोलावलं. इंदूताईंनी ठाण्यात पाहिलेलं सगळं सांगून झाल्यावर, दिवस कसा लक्षात राहिला, एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवशी पाणीही घेता येत नव्हतं म्हणून, इंदूताईंनी सांगितलं.

सरकारी वकील उठले. "मतलब, सुबह से निर्जल थीं?"

"जी."

"इस उम्र में? चक्कर आता होगा. चेहरे धुँधले दिखते होंगे."

"चक्कर आता तो पानी माँगती," इंदूताई म्हणाल्या. "वही लड़का ले आता."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. दंडाधिकाऱ्यांनी वर पाहिलं, हसणं थांबलं.

यज्ञेश्वरांनी नरहरपंतांनाही समन्स काढलं होतं. ते इस्त्रीच्या सदऱ्यात आले. निमंत्रण द्यायला गेलो होतो, मान्य. चहा झाला, मान्य.

"चाय कौन लाया था?"

"ध्यान नहीं दिया."

"आपके सामने कप किसने रखा?"

"कप आया था. किसने रखा, यह कौन देखता है?"

ते खोटं बोलत नव्हते. त्या न्यायालयात त्या दिवशी उच्चारलं गेलेलं ते सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं, आणि राज्यकारभारावरच्या पुष्कळ ग्रंथांना जे सांगता आलेलं नाही ते त्यात आलं होतं.

प्रशिक सुटला. निकाल हिंदीत होता: अभियुक्त को संदेह का लाभ दिया जाता है. तो आधी कोठे होता, कोणी ठेवला, कशासाठी, यावर एकही ओळ नव्हती.

न्यायालयाच्या आवारात भैय्यालालनी वकिलांना गाठलं. "साहेब, संदेह म्हंजे? आमचा पोट्टा चोर नाही, असं लिवलं का नाही?"

"सुटला ना? ते महत्त्वाचं," यज्ञेश्वर म्हणाले.

"अन् पायाचं? चार दिस ठेवला त्याचं?"

"तो विषय या न्यायालयापुढे नव्हता."

"मंग कोणापुढं हाय?"

यज्ञेश्वरांनी फाईल काखेत मारली. "तक्रार करता येते. पण आधी ठाण्यात अर्ज द्यावा लागेल. त्यांनी नाही घेतला, तर वरिष्ठांकडे."

"कोणत्या ठाण्यात?"

"त्याच."

भैय्यालालनी इंदूताईंकडे पाहिलं. इंदूताईंनी पदर खोचला आणि रिक्षाला हात केला. दीपमाला त्यांच्या शेजारी बसली, भैय्यालाल पुढे रिक्षावाल्याजवळ. प्रशिकने एक हात रिक्षाच्या दांडीवर ठेवला, मग काढून घेतला.

"तुमी जा बाबा," तो म्हणाला. "मी तिथं नाही येत."

तो फाटकाशी उभा राहिला, सगळा भार डाव्या पायावर देऊन. रिक्षा वळेपर्यंत दीपमाला मागे पाहत होती.