चाकं दिसू द्या

मी बोलतोय तोवर माझ्याकडे बघू नका, पुढे रस्त्याकडे बघा. मी गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलेला कॅमेरा. आरशामागे लपलेला, काळा, मुठीत मावेल एवढा. गाडी सुरू झाली की माझा डोळा उघडतो, बंद झाली की मिटतो. मधलं सगळं मी टिपून ठेवतो. जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. पोटातलं एखादं चित्र कायमचं राहायचं असेल तर गाडीला जोरात धक्का तरी बसावा लागतो, नाहीतर कुणाला तरी माझं बटण दाबावं लागतं.

माझी दोन व्यंगं आधीच सांगून टाकतो. पहिलं म्हणजे माझा डोळा रस्त्याकडे आहे आणि कान गाडीच्या आत. आतली माणसं मला दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. त्यामुळे मी माणसं आवाजावरून ओळखतो. काच वर केलेली असली की माणसाच्या तोंडाचा पट्टा कसा सुटतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पुढच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि चौकात तोच शेजारी येऊन उभा राहिला की गुपचूप सिग्नलकडे बघत बसतात.

दुसरं व्यंग जास्त वाईट. लांबचा नंबर मला वाचता येत नाही. गाडी दिसते, तिचा रंग दिसतो, पण नंबरपट्टीच्या जागी नुसता पांढरा डाग. नंबर हवा असेल तर जवळ जावं लागतं. पुढे जे झालं ते या व्यंगापायी झालं.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईने माझा डोळा पुसला, आत डोकावून पाहिलं, मान डोलावली आणि मला खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते मास्तरांनी.

मास्तर लोकांना गाडी शिकवायचे. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी होती आणि त्यांच्या स्वतःच्या सीटपाशी, खाली, दुसरा ब्रेक बसवलेला होता. शिकणारा गोंधळला तर मास्तर तो दाबायचे. त्या ब्रेकला बारीक कुरकुर होती. मास्तरांचा पाय त्यावर टेकलेला असेपर्यंत ती ऐकू यायची, आणि पाय नेहमी टेकलेलाच असायचा. पुढे पुढे ती कुरकुर ऐकू आली की मलाही बरं वाटायचं.

मास्तरांचा एक नियम होता. तो ते प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचे आणि मग रोज सांगायचे. “पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर तू फार जवळ गेलास. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, चाकं दिसू दे.”

मला विकत घेण्यामागे एक राखाडी जीप होती. एक निवृत्त कारकून गाडी शिकत होते, फार सभ्य माणूस, गिअर चुकला की गिअरलाच माफ करा म्हणायचे. खाणीच्या वळणावर ती जीप त्यांना घासून गेली आणि बाजूचा आरसा तोडून नेला. मास्तर तक्रार करायला गेले तेव्हा वाहतूक पोलिसाने पहिला प्रश्न विचारला, नंबर काय? नंबर कुणी पाहिलाच नव्हता. जीपच्या मागच्या दाराला निळा दोर बांधलेला होता, एवढंच कारकुनांना आठवत होतं. दोरावरून गाडी सापडत नाही, म्हणून मी आलो. कारकून मात्र पुन्हा शिकायला आले नाहीत.

सुरुवातीचे दिवस चांगले होते. रोज सकाळी मास्तर बाहेरून पुढची काच पुसायचे. तेवढ्या वेळात मला त्यांचा चेहरा दिसायचा, जाड भुवया आणि गालावर दाढी करताना राहून गेलेला एखादा केस. अख्खी काच ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत निगुतीने पुसायचे.

मग मी पहिली शिकार पकडून दिली. पाण्याचा टँकर लाल सिग्नल तोडून गेला आणि सुदैवाने आमच्या अगदी पुढून गेला, म्हणून नंबर स्वच्छ आला. मास्तरांनी चित्र पोलिसाकडे पाठवलं, टँकरवाल्याला दंड झाला. वसाहतीतल्या लोकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्येही ते चित्र गेलं. त्या दिवशी मास्तर गाडीत शीळ घालत होते. लोक कौतुक करत होते, करायलाच हवं होतं. टँकरवाला चुकलाच होता.

पण कौतुकाची चटक लागते. दुकानाबाहेर गाडी थांबली की कुणीतरी खिडकीशी वाकून विचारायचं, “काय मास्तर, आज कोण सापडलं?” कुणी सापडलं नसेल तर मास्तरांचा आवाज पडायचा. हळूहळू त्यांना चांगली चाललेली गाडी दिसेनाशीच झाली. शिकणारा नीट वळला तरी शाबासकी नाही, कारण त्यांचं लक्ष पलीकडच्या मोटारसायकलवर. एकदा त्यांची बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, “अहो, पूर्वी तुम्ही रस्त्यातली झाडं दाखवायचात. आता नुसते नंबर वाचता.” मास्तर हसले. हसताना त्यांनी पुढच्या रिक्षाचा नंबर वाचला.

सकाळी काच पुसणंही बदललं. घाई असायची, म्हणून ते फक्त माझ्यासमोरचा गोल पुसायचे. बाकीच्या काचेवर धूळ तशीच. शिकणाऱ्यांनी त्या धुळीतून बघायचं आणि मी स्वच्छ काचेतून. मला ते बरं वाटलं नाही. पण मला फक्त बघता येतं, बोलता येत नाही.

अशात त्यांची भाची शिकायला आली. मास्तर तिला चिमणी म्हणायचे. त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, पंचविशीच्या आतली, हसरा आवाज. एका बेकरीच्या मालाच्या गाडीवर तिला काम मिळणार होतं, फक्त लायसन हातात यायचं बाकी होतं. आईला शिलाईकामातून सोडवायचं, हे ती सिग्नलला थांबली की बोलून दाखवायची. हात तिचा सुरेख होता. क्लच सोडताना गाडीला कधी हिसका बसला नाही. आणि थांबताना दर वेळी ती पुटपुटायची, “चाकं दिसतायत.” इतके लोक शिकून गेले, पण तो नियम असा मनात मुरलेला मी तिच्याच बाबतीत ऐकला. मास्तरांचा जीव होता तिच्यावर.

परीक्षा तोंडावर आली होती. शेवटचा सराव म्हणून मामा-भाची दुपारी निघाले. बेकरीचा रस्ता, मग पूल, मग खाणीची चढण. चिमणी गाणं गुणगुणत होती. तेवढ्यात बाजूने जोरात हॉर्न वाजला आणि एक गाडी आम्हाला जवळजवळ घासून पुढे घुसली. राखाडी जीप. मागच्या दाराला निळा दोर. खिडकीतून बाहेर काढलेलं एक कोपर.

“तोच तो,” मास्तर म्हणाले. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यात राग होता, पण त्याहून जास्त आनंद होता. त्या आनंदाची मला भीती वाटली.

चिमणीने शहाण्यासारखा वेग कमी केला. जीप लांब गेली, नंबरपट्टीचा पांढरा डाग झाला.

“सोडू नकोस. जवळ घे.”

“मामा, जाऊ दे ना.”

“नंबर येत नाहीये. थोडं अजून.”

मामाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. गाडी जवळ गेली. जीपवाल्याने आम्हाला त्याच्या आरशात पाहिलं असावं, कारण त्याने खेळ मांडला. मध्येच हळू, मध्येच भरधाव. शिकाऊ पाटीची गाडी मागे लागलीय, याची त्याला गंमत वाटत असणार. आमच्याकडे हॉर्न, त्याच्याकडे कोपर. दोघंही एकमेकांना धडा शिकवत होते आणि मध्ये ती पोर स्टिअरिंग धरून बसली होती.

मग सीट करकरली. मास्तर पुढे झुकले, माझ्याकडे. त्यांचं बोट माझ्या बटणावर आलं, हे चित्र कायमचं ठेव म्हणून. मी काचेवर जरासा हललो. आणि त्याच क्षणी खालची ती कुरकुर थांबली. पुढे झुकताना त्यांचा पाय ब्रेकवरून निघाला होता.

“मामा, चाकं दिसत नाहीत.”

“नंबर दिसतोय, चिमणे. सगळे आकडे दिसतायत.”

जीपचे दोन्ही लाल दिवे माझ्या डोळ्यासमोर भरून आले. चिमणीने ब्रेक दाबला, टायर ओरडले ते मी ऐकलं. जिथून मदत यायची ती जागा मात्र गप्प होती. आम्ही जीपच्या मागच्या कोपऱ्यावर आदळलो, फिरलो, आणि चिमणीच्या बाजूने दगडी कठड्याला जाऊन चेपलो. जीप थांबलीसुद्धा नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका स्वच्छ नंबर टिपलेला नाही.

मास्तरांना खरचटलं. चिमणीच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

गाडी गॅरेजमध्ये ओढून आणली. मेकॅनिकने बॅटरी जोडून दिली तेव्हा माझा डोळा उघडला, समोर विटांची भिंत होती. मास्तर चिमणीच्या सीटवर बसले होते. आवाज त्या बाजूने येत होता. त्यांनी माझ्या पाठीवरच्या पडद्यावर ते चित्र लावलं. संपलं की पुन्हा लावलं. दर वेळी तो आनंदी आवाज म्हणायचा, सगळे आकडे दिसतायत.

थोड्या वेळाने वाहतूक पोलीस आला, सोबत ताई, म्हणजे चिमणीची आई. ताई रडून रडून कोरडी झाली होती. ती म्हणाली, “पोरीने सगळं कबूल केलंय रे. म्हणते, मीच जवळ गेले, मामा नको नको म्हणत होता. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

भिंतीकडे बघत मी ऐकत राहिलो. हॉस्पिटलच्या खाटेवरून ती पोर मामाला वाचवत होती.

पोलीस माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितलं की नंबर मिळाला तर जीपवाला आज ना उद्या हाती लागेल. मुलीवर मात्र बेपर्वाईचा ठपका बसणार, लायसनचं विसरायचं. मग तो सहज म्हणाला, “चित्र पुरे आहे मास्तर. आवाजाची काही गरज नाही.”

आवाज बंद करायची सोय माझ्यात आहे. एक बटण दाबलं की मामा गप्प झाला असता आणि सगळा दोष चिमणीच्या पायावर गेला असता. मास्तरांचं बोट माझ्या पाठीवर आलं, तिथेच थांबलं. मी असहाय चिकटून होतो.

मग त्यांनी माझ्या पोटातलं कार्ड ओढून काढलं. “साहेब, चित्रात माझी भाची चुकलेली दिसेल. आवाजासकट ऐका. त्यात मी बोलतोय.”

ताईची पावलं गॅरेजबाहेर गेली, तेवढी ऐकू आली.

ठपका मास्तरांवर आला. शिकवायचा परवाना गेला, त्यांनी तो परत मागितलाही नाही. जीपवाला सापडला, दंड भरून पुन्हा रस्त्याला लागला. गाडी विकायच्या दिवशी चिमणी काठी टेकत आली. तिने बाहेरून अख्खी काच पुसली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि तेव्हा मला तिचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. मग ती आत बसली, ब्रेकवर पाय ठेवून पाहिला. “पोचतो मामा,” ती म्हणाली. “पण उशिरा पोचतो.” बेकरीच्या गाडीवर एव्हाना दुसरं कुणीतरी लागलं होतं. मास्तर बाहेर काचेपाशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली ती मी डोळा मिटेपर्यंत वर केली नाही.

गाडी मेकॅनिकने घेतली आणि मला वेगळं काढून विकलं. आता मी दुसऱ्या काचेवर आहे. नवा मालक मला लावत होता तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, यात नंबर नीट दिसतो ना?

तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊ असेल. असू द्या. माजलेल्याला पकडायलाच हवं आणि खरा माणूस खोटा पडायची वेळ आली तर आम्ही त्याची बाजू घेतो. पण आम्हाला दाखवायला म्हणून गाडी चालवू नका. आम्हाला नंबर नाही मिळाला तर काही बिघडत नाही. हात जोडता येत नाहीत, नाहीतर जोडले असते.

आज सकाळी आम्ही निघालो. मागच्या सीटवर एक लहान मुलगी गाणं गुणगुणतेय. पुढे एक टेम्पो आहे, त्याने मघाशी आम्हाला कट मारला. मालकाची बायको हळूच म्हणाली, “जाऊ द्या हो.” इंजिनाचा आवाज मात्र चढला आणि नंबरपट्टीवरचा पांढरा डाग मोठा होत चाललाय. पहिले दोन आकडे आले. तिसराही येतोय.

टेम्पोची चाकं आता मला दिसत नाहीत.