तारांकित प्रश्न : मौजा टेंभरझरी

मी एक प्रश्न बोलतोय. साधासुधा नव्हे, विधानसभेतला तारांकित प्रश्न. माझ्या डोक्यावर छापील चांदणी आहे, आणि ज्याच्या डोक्यावर चांदणी असते त्या प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडानं उत्तर द्यायचं असतं. बिनचांदणीच्यांची बोळवण नुसत्या कागदावर होते. त्या चांदणीचा मला एके काळी फार गर्व होता. माणसाला जावयाचा असतो तसा. पुढं जावई निघायचा तसाच निघाला, हे वेगळं.

सध्या माझा मुक्काम नागपूरच्या विधानभवनात, ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर, कामकाजाच्या एका जाडजूड बांधीव पुस्तकात आहे. वर्षातले थोडे दिवस इथं हिवाळी अधिवेशन भरतं. मुंबईचे साहेब नवे स्वेटर घालून येतात, रस्त्यावर मोर्चे येतात, जाताना गाड्यांत संत्र्यांच्या पेट्या चढतात. मग दारांना कुलपं लागतात आणि मी इथं पडून राहतो.

माझा जन्म त्र्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतर चार दिवसांनी झाला, टेंभरझरीत, देवाजीच्या ओसरीवर. नागपूरलगतचं हुडकेश्वर मागं टाकून चार कोस गेलं की नाला लागायचा आणि नाल्यापलीकडं चाळीस घरं. ही सगळी माणसं पूर्वी कोसभर अलीकडच्या थोरल्या गावात राहायची. छप्पन्न साली त्यांनी नागपुरात दीक्षा घेतली, देव सोडले, गावकीची कामं सोडली. गावानं त्यांना विहीर सोडायला लावली. पाण्यासाठी हात जोडायचे नाहीत असं ठरवून माणसं उठली आणि जिथं त्यांना शेतीचे पट्टे मिळाले होते तिथंच, शेताच्या कडेला, घरं बांधून राहिली.

ती जागा कागदोपत्री 'रिठी' होती. आमच्या विदर्भात उजाड गावाला रिठी म्हणतात. आजोबा-पणजोबांच्या काळात कधीतरी पटकीनं किंवा प्लेगानं गाव उठून जातं, घरं मातीला मिळतात, पण पटवाऱ्याच्या दप्तरात नाव तेवढं उरतं. टेंभरझरी तशीच उरली होती. सतरा वर्षं माणसं तिथं जन्मली, लग्नं झाली, मेली. दप्तराला काही त्याचा पत्ता नव्हता.

साऱ्याच्या वसुलीला मात्र पटवारी न चुकता यायचा. शेतसाऱ्याबरोबर एक जादा उपकर घ्यायचा. गावोगाव पिण्याचं पाणी करण्यासाठी सरकारनं तो बसवला होता. पैसे घेतले की तो रीतसर पावती फाडायचा. पावतीवर लिहिलेलं असायचं, 'मौजा टेंभरझरी (रिठी)'. पाणी म्हणाल तर नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा. चैत लागला की एक गुंड, म्हणजे घागर, भरायला अर्धा दिवस जायचा.

देवाजीनं बावीस वर्षं नागपुरात गिरणीत काढली होती आणि तिथल्याच रात्रीच्या वर्गात तो लिहायला-वाचायला शिकला होता. देव सोडल्यावर रिकाम्या झालेल्या जागी त्यानं कागद बसवला होता. सगळ्या पावत्या त्यानं टाचणी लावून पत्र्याच्या डब्यात जपल्या होत्या. आदल्या चैतात त्याची सून वच्छला झिऱ्याच्या काठावर घसरून पडली आणि तिचं पाच महिन्यांचं पोटातलं मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

"मामाजी, ह्या पावत्या का उकळून प्याव का आम्ही?" ती त्या दिवशी ओसरीवर म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "होळीपर्यंत विहिरीचं ठरलं तर ठरलं. नाही तर मी नागपूरले जरीपटक्यात भावाकडं चालली. हे लेकरू मी त्या झिऱ्यापाशी नाही ठेवत."

"मी विचारतो ना वं सरकारले," देवाजी म्हणाला. "पैसे घेतले तर जबाब द्या लागते. कायदा आहे तसा."

त्यानं वहीचं पान फाडलं आणि मला लिहिलं. 'आमच्या बाया सतरा वर्षांपासून वाळू खरडून पाणी आणतात. उपकर घेता, तो कोठे जातो? आमची विहीर कोठे आहे?' इतकाच होतो मी. पण खरं सांगतो, तेवढा धडधाकट मी पुन्हा कधीच नव्हतो.

देवाजी मला घेऊन आमदार रुपरावांकडे आला. रुपराव विरोधी बाकांवरचे, आवाजाचे मोठे आणि मनाचे बरे. त्यांची लिखापढी वामनराव पाहायचे. जन्मभर सरकारी कागदांत वावरलेला तो माणूस. त्यांनी मला वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "देवाजी, हे रिठी-बिठी काढून टाकू ना गा. थोरल्या गावाचं नाव घालतो, पुढं 'येथील बौद्ध वस्ती' असं लिहितो. काम सोपं होते."

"त्या गावाचं नाव काहून?" देवाजी म्हणाला. "त्यायनं आम्हाले विहिरीवरून हाकललं. आता विहीर मागाची तर त्यायच्याच नावानं मागू का? ते पाणी माह्या गळ्याखाली नाही उतरणार जी. पावतीवर आहे तेच नाव लिहा, जसंच्या तसं. कागदात फरक नको."

वामनरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी लिहिलं, 'मौजा टेंभरझरी (रिठी)'. मला तेव्हा देवाजीचा केवढा अभिमान वाटला. स्वतःच्या नावानं पाणी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि माझ्या नरडीला फास तिथंच बसला.

पुढं माझी रवानगी मुंबईला झाली. तिथं प्रश्नांना तासतात. 'आमच्या बाया' गेल्या, 'वाळू खरडून' गेलं. 'हे खरे आहे काय' आणि 'असल्यास' यांची ठिगळं लागली. या टेबलावरून त्या टेबलावर, या खात्यातून त्या खात्यात. कोणी वाईट वागलं नाही माझ्याशी. एका कारकुनानं तर माझ्यावर चहाचा कप ठेवताना खाली रद्दीचा कागद घातला. डिसेंबरात मी छापून नागपूरला परतलो, तेव्हा माझे चार भाग झाले होते (उपकर घेतला जातो काय, तो कुठं जातो, टेंभरझरीत विहीर आहे काय, नसल्यास कारणे काय), डोक्यावर चांदणी होती आणि खाली उत्तर होतं.

त्या दिवशी देवाजी पास घेऊन प्रेक्षकांच्या गॅलरीत बसला होता. पांढरा सदरा, आत गरम बंडी. डबा फाटकावरच ठेवून घेतला होता, पण टाचणी लावलेल्या पावत्या त्यानं बंडीच्या खिशात आणल्या होत्या. वस्तीतली माणसं घरी वाट पाहत होती. माझा क्रमांक तसा मागचा. तास संपत आला आणि मला वाटलं, आपण काही पोचत नाही. पण पोचलो. न पोचतो तर बरं झालं असतं.

मंत्री उठले. शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी वाचलं :

"एक, होय. दोन, माहिती गोळा करण्यात येत आहे. तीन, सदर मौजा रिठी असून तेथे लोकवस्ती नाही. चार, प्रश्न उद्भवत नाही."

मी उद्भवलो नव्हतो म्हणे. दोन महिने मला तासलं, छापलं, चांदणी लावली, आणि मी उद्भवलोच नाही.

रुपराव ताडकन उठले. "अध्यक्ष महोदय, लोकवस्ती नाही तर मग पाण्याचा उपकर भरते कोण?"

"अध्यक्ष महोदय," मंत्री म्हणाले, "उपकर जमिनीवर आहे. माणसांवर नाही."

दोन्ही बाजूंचे बाक हसले. त्यात कुचेष्टा नव्हती. उत्तर नेमकं बसलं की लोक हसतात, तसे हसले. रुपरावांच्या बाजूचे दोघंसुद्धा हसले.

आणि गॅलरीत देवाजी उभा राहिला. घोषणा नाही, हातवारे नाहीत. वस्ती नाही म्हणतात, तर निदान एक माणूस दिसू दे, एवढंच त्याच्या मनात असावं. गॅलरीत उभं राहायची मनाई असते. पहारेकऱ्यानं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा बाबा, नाही तर बाहेर जा लागन." देवाजी बसला नाही. त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. तोवर रुपराव पाहणीची मागणी करत होते, मंत्री "तपासून पाहण्यात येईल" म्हणत होते, आणि प्रश्नोत्तरांचा तास संपला. ज्या पुस्तकात मी आहे, त्यात या जागी कंसात एकच शब्द आहे, 'व्यत्यय'. तो आमचा देवाजी.

बाहेर झाडाखाली रुपराव संतापले होते. "हे रिठी लिहायले सांगतलं कोणं? सरकारले आयतीच पळवाट दिली."

"चूक माझी, साहेब," वामनराव पटकन म्हणाले.

"नाही जी," देवाजी म्हणाला. "वामनरावजी नकोच म्हणत होते. मीच ऐकलं नाही."

रुपरावांचा राग ओसरला. त्यांनी माझी छापील प्रत देवाजीच्या हातात दिली, पुढच्या अधिवेशनात पाहू म्हणाले आणि खरंच मनापासून म्हणाले. ती प्रत पावत्यांच्या सोबत बंडीत गेली, म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे.

जानेवारीअखेर खरोखरच एक अधिकारी पाहणीला आला. सायकलवर आला, दमला होता. वच्छलानं त्याला पाणी दिलं. तांब्याच्या तळाशी वाळू होती. त्यानं ती पाहिली आणि तरी सगळं पाणी प्याला. चाळीस घरं फिरला, झिरा पाहिला, देवाजीच्या पावत्या एकेक करून पाहिल्या. मग बाजेवर बसून म्हणाला, "बाबा, शेती तुमची, पावत्या खऱ्या. पण घरं शेतात आहेत. गावठाण नाही तर नकाशात घर नाही, अन् घर नाही तिथं मी विहीर कुठं दाखवू?"

"मंग गावठाण करा ना साहेब."

"त्याले वस्तीचा दाखला लागते."

"मंग दाखला द्या."

"गावठाण असल्याशिवाय तो कसा देऊ, बाबा?" असं म्हणून त्यानं मान खाली घातली. वाईट माणूस असता तर देवाजीला भांडता तरी आलं असतं.

होळीच्या आदल्या दिवशी वच्छला निघाली. नवरा, गाडग्या-मडक्यांची बैलगाडी, पोट सांभाळत पुढं बसलेली ती. "मामाजी, तुमी पण चला," असं ती दोनदा म्हणाली. देवाजी नाही म्हणाला. तिच्या मागं चैतभर गाड्या निघत राहिल्या. ज्यांच्या घरात तान्ही होती ते आधी, मग बाकीचे. पाणी नाही तिथं हट्ट किती दिवस टिकतो? जेठात देवाजी एकटा उरला. तो रोज झिऱ्यावर जायचा, एका माणसापुरतं पाणी आणायचा, ओसरीवर बसून मला वाचायचा. तिसऱ्या भागाच्या उत्तरावर त्याचं बोट थांबायचं. एके सकाळी त्यानं दाराला कडी घातली आणि तोही जरीपटक्याकडे निघाला.

उत्तर डिसेंबरात वाचलं तेव्हा ते साफ खोटं होतं. जूनमध्ये ते खरं झालं. सरकारला त्यासाठी काहीसुद्धा करावं लागलं नाही.

वच्छलाला मुलगी झाली. जरीपटक्यातल्या त्या टिनाच्या खोलीसमोर सार्वजनिक नळ होता, दोन तास पाणी यायचं, रांगेत भांडणं व्हायची. पण पोरगी धडधाकट होती आणि मला त्याबद्दल बोलायला तोंड नाही. टेंभरझरीतली घरं दोन पावसाळ्यांत बसली.

नंतर देवाजी रेशनकार्डाच्या कचेरीत गेला होता. कारकुनानं मूळ गाव विचारलं. देवाजीनं सांगितलं. कारकुनानं यादी चाळली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे तर रिठी आहे, बाबा. इथं कोणी राहत नाही."

मी खिशातच होतो. मला वाटलं आता हा उभा राहील, पावत्या काढील, तारीख सांगेल. गॅलरीत उभा राहिला होता तो.

"हाव जी," देवाजी म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

त्यानंतर त्यानं मला कधी उघडलं नाही. ऐंशी साली तो गेला. ती प्रत आणि पावत्या कुठं गेल्या, मला ठाऊक नाही. उरलोय तो इथला, बांधलेला. पुस्तकाच्या सूचीत माझ्यापुढं 'उत्तर दिले' असं छापलं आहे.

वाचकहो, विहीर मागायला मी बोललो नाही. तिथं आता पाणी प्यायला कोणी नाही. पण कधी या ग्रंथालयात आलात, तर खालच्या फळीवरचं त्र्याहत्तरच्या डिसेंबरचं पुस्तक काढा आणि 'तेथे लोकवस्ती नाही' या ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहा, की त्या दिवशी तिथं चाळीस घरं होती. लिहिणं नियमात बसत नसेल, तर नुसतं मनात म्हणा. मी ऐकेन.